बंधाऱ्यातील माशांवरचा ताण वेळीच कसा ओळखावा

पंचगंगेवरील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात. परंतु माशांचे मरणे ही शेवटची पायरी असते. त्याआधी काही तास, कधी काही दिवस, त्यांचे वागणे बदललेले असते आणि नेमके काय पाहायचे हे ठाऊक असेल, तर नदीकाठच्या कोणालाही तो बदल टिपता येतो.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की प्रवाह थांबतो. वरून आलेले सांडपाणी आणि मळीमिश्रित पाणी तळाशी साचते आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवू लागतात. त्यातच उन्हाळा आडवा येतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅमच, उलट गरम पाण्यात माशाची स्वतःची गरज मात्र वाढते. या ओढाताणीत माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि हा ताण दीर्घकाळ टिकला तर त्याचे खाणे कमी होते, वाढ खुंटते व रोगप्रतिकारशक्ती ढासळते.

निरीक्षणाची वेळ पहाटेची, सूर्योदयापूर्वीची असावी. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते, पण रात्रभर तेही श्वसन करते; म्हणून पाण्यातील ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो. हिरव्यागार पाण्याचा कार्यालयीन वेळेत, भर दुपारी घेतलेला नमुना उत्तम ऑक्सिजन दाखवतो आणि सारे आलबेल असल्याचा निर्वाळा मिळतो. असा निर्वाळा फारसा कामाचा नसतो.

काठावर उभे राहताना आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि पाच-दहा मिनिटे हालचाल टाळावी, कारण दचकलेल्या माशाचे वागणे ताणलेल्या माशासारखेच दिसते. त्यानंतर मासे कोठे आहेत ते पाहावे. रोहू, कटला, मृगळ यांसारखे मासे तोंड पृष्ठभागाला लावून एकसारखे पाणी ओढत असतील, चाहूल लागूनही खोल जात नसतील किंवा बंधाऱ्यातून पाणी झिरपते तेथे गर्दी करत असतील, तर ऑक्सिजन घटल्याचा संशय घ्यावा. झिंगे व खेकडे काठावर चढू लागले, तर संशय बळावतो. मासा जवळून दिसत असल्यास मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून कल्ल्यांची झाकणे किती वेळा उघडतात ते मोजावे. मात्र या आकड्याची तुलना त्याच जातीच्या, तेवढ्याच आकाराच्या आणि साधारण तेवढ्याच तापमानाच्या पाण्यातील माशाशीच करावी.

काही वर्तने फसवी असतात. मरळ आणि मांगूर हे हवेतून श्वास घेणारे मासे असल्याने ते वर येणे हा त्यांचा नित्यक्रम आहे. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध उड्या मारणारे चढणीचे मासेही संकटात नसतात. तोच पाऊस काठावरची व नाल्यांतील साचलेली घाण नदीत लोटतो हे मात्र विसरू नये. भर दुपारी, हिरव्या पाण्यात मासे गटांगळ्या खात असतील, तर ऑक्सिजनपेक्षा अमोनियाकडे लक्ष द्यावे. शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि सामू वाढला की अमोनिया अधिक विषारी होतो.

ऑक्सिजन घटल्याचा संशय आल्यास विंकलर या रासायनिक पद्धतीने जागीच खात्री करता येते. काचेची बाटली पाण्याखालीच, बुडबुडा न राहू देता भरावी. हातमोजे घालून तिच्यात प्रथम मँगनीज सल्फेट व नंतर अल्कली-आयोडाइड-अझाइडचे द्रावण सोडावे, बूच लावून ती काही वेळा उलटीपालटी करावी. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला, तर तो जवळपास संपलेला आहे. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत मिळतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे.

मासे मरू लागलेच, तर कोणते आधी मेले याची नोंद करावी. ऑक्सिजनच्या तुटवड्यात बहुधा मोठे मासे आधी आणि पहाटेच्या सुमारास मरतात, त्यांची तोंडे उघडी व कल्ले फाकलेले असतात. विषारी द्रव्य मिसळले असल्यास वेळेचे असे बंधन नसते आणि लहान मासेही आधी दगावू शकतात. हे मासे खाऊ वा विकू नयेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांना त्याच दिवशी लेखी कळवावे, पण पथकाची वाट पाहत बसू नये, कारण बर्गे काढले की पुरावा पुढे वाहून जातो. पाण्याच्या बाटल्या तत्काळ भरून बर्फात ठेवाव्यात, प्रत्येकीवर ठिकाण व वेळ लिहावी, आणि तुलनेसाठी प्रदूषित पाणी मिसळते त्या जागेच्या वरच्या बाजूची एक बाटली अवश्य घ्यावी.