नाताळसाठी हॉल सजवायचा आहे? तयारीची यादी, सामान उचलण्यापासून आवरण्यापर्यंत

यादीतलं पहिलं काम खरेदीचं नाही, उचलाउचलीचं आहे. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ (ॲडव्हेंट), म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू होतो. ही तारीख २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कुठेतरी येते. तो शनिवार-रविवार कामाला लागायला चांगला. त्या दिवशी हॉलमधल्या टीपॉयवरच्या, शेल्फवरच्या आणि टीव्हीखालच्या सगळ्या शोभेच्या वस्तू एका खोक्यात भरून आत ठेवून द्या. वर्षभर तिथे असलेली फुलदाणी, फोटोफ्रेम आणि पितळी हत्ती यांच्या मधल्या फटींत नाताळ कोंबला की खोली ऊबदार वाटत नाही, नुसती भरलेली वाटते. खोली मोकळी झाली की तिचे दोन फोटो काढा, एक भर दिवसा आणि एक रात्री दिवे लावून. खरेदीला जाताना हे फोटो लागतात, कारण दुकानातल्या झगमगाटात आपल्या सोफ्याचा रंग नेमका कुठला होता हे कोणालाच आठवत नाही.

मग टेप घ्या. जमिनीपासून छतापर्यंतची उंची, झाड ठेवायच्या कोपऱ्याची रुंदी आणि तिथून सगळ्यात जवळच्या प्लगपर्यंतचं अंतर, ही तीन मापं लिहून ठेवा. झाडाची उंची ठरवताना छताच्या उंचीतून वरच्या ताऱ्याची उंची वजा करायची आणि शिवाय वीतभर मोकळी जागा सोडायची. खालच्या फांद्यांचा घेर बहुतेक जण विसरतात. सहा फुटी झाड सहज साडेतीन-चार फूट जागा अडवतं, आणि मग स्वयंपाकघराकडे जाताना सगळ्यांना तिरकं चालावं लागतं. वाट अडत असेल तर एक खुर्ची महिनाभर दुसऱ्या खोलीत हलवा किंवा बुटकं झाड उंच स्टुलावर ठेवा. दुसरा पर्याय दिसायला वाईट नसतो, आणि घरात रांगतं मूल असेल तर तोच बरा.

आता शैली. इंटरनेटवरची चित्रं बघून शैली ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या सोफ्याला शोभेल असं सामान आपल्या घरी आणणं. तुमच्या खोलीत जे हलणार नाही, म्हणजे भिंत, फरशी, सोफा आणि पडदे, त्यांनीच निम्मा निर्णय घेऊन टाकलेला असतो. तपकिरी, मरून, गडद लाकडी अशा खोलीत पारंपरिक लाल-हिरवा-सोनेरी थाट आपोआप बसतो. राखाडी किंवा पांढऱ्या खोलीत तोच लाल रंग ओरडतो. तिथे स्कँडिनेव्हियन साधेपणा किंवा नुसता पांढरा-रुपेरी बेत बरा. लाकूड, ताग आणि वेत आधीच असेल तर ग्रामीण शैलीला जवळजवळ काहीच विकत आणावं लागत नाही. उरलेला निम्मा निर्णय उजेडाचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

म्हणून सजावटीच्या आधी दिवे आणा. माळेच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० किंवा त्याच्या आसपासचा असेल तर उजेड पिवळसर, ऊबदार पडतो. ४००० च्या पुढे गेलात की हॉलचा दवाखाना होतो. सगळ्या माळा एकाच कंपनीच्या, शक्यतो एकदमच घ्या, कारण एकाचा ‘वॉर्म’ दुसऱ्याच्या ‘वॉर्म’शी जुळेलच असं नाही, आणि झाडावर हा फरक लांबूनही डोळ्यांत भरतो. किती बल्ब लागतील याचा ढोबळ हिशेब दर फुटाला शंभर, म्हणजे सहा फुटी झाडाला सहाशे. निम्म्यातही भागतं, पण मग माळ नुसती बाहेरून न गुंडाळता खोडापर्यंत आत नेऊन परत बाहेर आणावी लागते. हिरव्या झाडाला हिरवी वायर, पांढऱ्याला पांढरी किंवा पारदर्शक. माळ झाडावर चढवण्याआधी जमिनीवर पसरून दहा मिनिटं लावून बघा आणि प्लगचं टोक खालीच राहील याची खात्री करा. आता एक प्रयोग. छतावरचा मोठा दिवा बंद करा आणि झाड, एक टेबललॅम्प आणि शेल्फवरची छोटी माळ एवढ्यावरच बसून बघा. खोली ऊबदार वाटायला बहुतेक वेळा इतकंच पुरतं. पुढची सगळी सजावट त्याच उजेडात करावी.

विजेच्या या माळांचा इतिहास १८८२ सालापर्यंत मागे जातो. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब लावले होते. त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत आणि पाण्याची बादली शेजारी तयार ठेवत.

झाड खरं असेल तर घरी आणल्यावर बुंध्याची दोनेक सेंटीमीटर चकती कापा आणि लगेच पाण्यात उभं करा. कापलेल्या जागी राळ सुकली की झाड पाणी ओढत नाही. पहिल्या दिवशी ते फार पाणी पितं, तेव्हा रात्री झोपताना स्टँडमधली पातळी बघा. कापलेला भाग उघडा पडता कामा नये. हीटर, शेकोटी, रेडिएटर यांपासून झाड निदान मीटरभर लांब हवं. कृत्रिम झाड असेल तर घाई करू नका. खोक्यातून निघालेली फांदी मिटलेल्या छत्रीसारखी असते. खोडाजवळच्या काड्यांपासून सुरुवात करून एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर अशा वळवत टोकापर्यंत यायचं, आणि प्रत्येक फांदीचं असंच. कंटाळवाणं काम आहे, तासभर तरी जातो. पण इथे आळस केला तर मधून लोखंडी दांडा दिसत राहतो आणि तो झाकायला दुप्पट सामान लागतं. टोकाला तारा शेवटी लावायची पद्धत गोड आहे, मुलांना उचलून घ्यायची मजाही त्यात आहे. तरी झाड उंच असेल तर ताऱ्याची पकड आणि वायर आधीच बसवून घ्या. सजलेल्या झाडावर शिडी टेकवून कसरत कशाला?

पारंपरिक थाट करायचा तर लाल रंग गडद निवडा, डाळिंबी किंवा वाइनचा. भडक लाल मखमलीतसुद्धा स्वस्त दिसतो. आधी रुंद मखमली फीत वरून खाली सैल सोडायची, मग मोठे गोळे आत खोडाजवळ आणि छोटे टोकांना. आतले गोळे उजेड परतवतात, त्यामुळे झाड भरदार वाटतं. ही शैली आपण व्हिक्टोरियन म्हणून ओळखतो, कारण १८४८ साली इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि इंग्लंडात झाडाची हौस पसरली. प्रथा मूळची जर्मन प्रदेशातली. काचेचे फुंकून केलेले गोळेही तिथलेच, लाउशा गावच्या काचकारागिरांचे. पण त्याच्या कितीतरी आधी, १६०५ च्या एका नोंदीत, स्ट्रासबुर्गच्या घरांतल्या झाडांवर रंगीत कागदाचे गुलाब आणि सफरचंदं टांगल्याचा उल्लेख आहे. तेव्हा काचेचे गोळे परवडत नाहीत म्हणून कागदाची फुलं करणाऱ्यांनी अजिबात ओशाळू नये. त्यांची सजावट काचेपेक्षा जुनी आहे.

स्कँडिनेव्हियन शैलीत सामान थोडं आणि काम जास्त. पांढरा, कच्च्या लाकडाचा रंग आणि चवीपुरता लाल, एवढंच पॅलेट. विणलेले कागदी बदाम, गवताच्या काडीचे बोकड, खिडकीत एक कागदी तारा. जमलं तर फिनलंडची हिम्मेली करून बघा. राय या गव्हासारख्या धान्याच्या सुक्या काड्या कोमट पाण्यात भिजवून मऊ करायच्या, नाहीतर कापताना उभ्या चिरतात. सारख्या लांबीच्या बारा काड्या दोऱ्यात ओवून बांधल्या की आठ त्रिकोणी बाजूंचा एक हिरा तयार होतो. तो छताला टांगला की माणूस शेजारून गेला तरी हळूच फिरतो. हिम्मेलीखाली दिवा ठेवला तर भिंतीवर पडणारी सावली हीच अर्धी सजावट. या शैलीत चूक होते ती ऊब विसरण्याची. सगळं पांढरं केलं आणि सोफ्यावर लोकरीची एक जाड शाल, पायाखाली केसाळ गालिचा नसेल तर खोली रिकामी आणि गारठलेली वाटते. जाता जाता, अनेक टोकांचा तो सुंदर मोरावियन तारा या सामानाबरोबर हमखास विकला जातो, पण तो जर्मनीचा, एकोणिसाव्या शतकात तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत जन्मलेला. लावायला हरकत नाही, शोभतोच.

ग्रामीण थाटासाठी गोणपाट, सुतळी, पाइनचे कोन आणि संत्र्याच्या सुकवलेल्या चकत्या लागतात. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापून कापडाने टिपायच्या आणि साधारण शंभर अंशांवर ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवायच्या, मध्ये एकदोनदा उलटायच्या. कडा तपकिरी पडायला लागल्या की काढा, उरलेला ओलावा जाळीवर जातो. दिव्यासमोर टांगल्या की त्या रंगीत काचेसारख्या चमकतात. बाहेरून वेचून आणलेले कोन त्याच ओव्हनमध्ये अर्धा तास तापवले की किडे मरतात आणि मिटलेले कोन उमलतात. मात्र तेवढा वेळ तिथून हलू नका, राळ पेट घेऊ शकते. गोणपाट झाडाच्या बुंध्याला आणि टीपॉयवर, बस्स. पडद्यांना बांधलंत तर गोदाम होईल.

जुन्या जमान्याची हौस असेल तर १९६० च्या आसपासचा अमेरिकन थाट मजेदार आहे. १९५९ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक इथल्या कारखान्यातून एव्हरग्लीम नावाची ॲल्युमिनियमची चंदेरी झाडं बाजारात आली. धातूच्या झाडावर विजेची माळ गुंडाळली तर शॉक बसायची भीती, म्हणून खाली फिरती रंगीत चकती असलेला दिवा ठेवत आणि झाड क्षणात लाल, क्षणात निळं होई. आजही धातूच्या झाडाला हाच नियम पाळा. गोळे एकाच रंगाचे घ्या, तमाशा दिव्याला करू द्या.

नुसती पांढरी, मिनिमल सजावट सगळ्यात झटपट होते. सुक्या फांद्या, उंच काचेचं भांडं, बारीक तारेची माळ. लहान घराला हे पुरे.

दोन शैली एकत्र करायच्या झाल्या तर सोफ्यावर बसून ठरवा. एका नजरेत येणाऱ्या भागात एकच शैली, वळल्यावर दिसणारी भिंत दुसऱ्या शैलीची चालेल. मुलांनी शाळेत केलेलं सगळं मात्र झाडावरच, समोरच्या बाजूला. तिथे शैलीचा विचार करायचा नाही. गव्हाणीचा देखावा मांडणार असाल तर त्याला झाडाखालच्या भेटवस्तूंच्या गर्दीत कोंबू नका. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो इथे पहिल्यांदा मांडला तो खरं गवत आणि खरा बैल-गाढव आणून. तुम्हाला एक स्वच्छ शेल्फ आणि वरून पडणारा छोटा दिवा पुरेल. टीपॉयवर आगमनाचं चार मेणबत्त्यांचं कडं ठेवा आणि दर रविवारी एक-एक वाढवत लावा. हॅम्बुर्गच्या योहान हिनरिख विशर्न यांनी १८३९ मध्ये अनाथ मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे दिसावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्यातून हे कडं आलं. पानं सुकत जातात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ती बदला.

सुरक्षिततेची यादी छोटी आहे, पण टाळू नका. पेटती मेणबत्ती पडदा, फांदी, फीत यांपासून फूटभर लांब. एकमेकींना किती माळा जोडता येतील हे खोक्यावर छापलेलं असतं, ते वाचा. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका. झोपताना दिवे बंद, त्यासाठी टायमर घ्या. मांजर असेल तर खालच्या दोन फुटांत काच नको आणि चमकीच्या झिरमिळ्या तर अजिबातच नकोत, पोटात गेल्या तर आतड्यात अडकतात. होली आणि मिसलटो या नाताळात लावायच्या शोभेच्या झाडांची फळं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर. लाल पानांची पॉइन्सेटिया जितकी बदनाम आहे तितकी विषारी नाही, फार तर तोंड चुरचुरतं आणि पोट बिघडतं. बटणासारख्या सेलवर चालणाऱ्या दिव्यांचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, कारण लहान मुलाने तसा सेल गिळला तर जिवावर बेततं.

आवरण्याची तयारीही आत्ताच करून ठेवा. बरेच जण ६ जानेवारीला झाड उतरवतात. त्यासाठी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवा, प्रत्येकावर एक माळ गुंडाळायची आणि ती कुठे लावली होती ते वर लिहायचं. काचेचे गोळे अंड्यांच्या ट्रेमध्ये. संत्र्याच्या चकत्या ओल धरलेल्या दिसल्या तर फेकून द्या, पुढच्या वर्षी नव्या होतील. खऱ्या झाडावरची तार, फीत, चमकी पूर्ण काढूनच ते खताला द्या. त्याच्या फांद्या घरातल्या शेकोटीत घालू नका, राळेमुळे भडका उडतो आणि धुराड्यात काजळी साचते. खोक्यात भरून ठेवलेल्या फुलदाण्या आणि फोटोफ्रेम त्यानंतर बाहेर काढायच्या. सगळ्याच परत मांडल्या पाहिजेत असं नाही.