छोट्या खेळासोबत अख्खा जावा पाठवू नका

जावामध्ये लिहिलेला तीन-चार मेगाबाइटचा खेळ चालायचा तर रनटाइम, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर, लागतेच, आणि ओरॅकलने २०१८ साली जावा ११ पासून जेआरई, म्हणजे नुसत्या रनटाइमचा वेगळा संच, देणे थांबवल्यामुळे ते सोबत देण्याचा भार आता खेळ करणाऱ्यावर आला आहे. बरेच जण जेडीकेचे (जावात प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनसंचाचे) फोल्डर जसेच्या तसे खेळाशेजारी ठेवतात. त्यात कंपायलर, डीबगर असे खेळणाऱ्याला कधीही न लागणारे सामान असते आणि वजन ३०० मेगाबाइटच्या घरात जाते. झिप करूनही ते दीडशेच्या पुढेच राहते, म्हणजे दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावणाऱ्याचा दहावा हिस्सा तरी एका छोट्या खेळापायी खर्ची पडतो. हे मला अन्यायाचे वाटते.

उपाय जेडीकेतच आहे. जावा ९ पासून मिळणारे जेलिंक हे साधन फक्त हवी ती मॉड्यूल्स (जावाचे सुटे भाग) घेऊन नवे रनटाइम बांधते. आधी आपल्या जार फाइलवर, म्हणजे खेळाचा कोड एकत्र बांधलेल्या फाइलवर, जेडेप्स हे जेडीकेतलेच साधन चालवून लागणाऱ्या मॉड्यूल्सची यादी काढावी, ती जेलिंकला द्यावी आणि डीबगची माहिती, हेडर फाइली व मॅन्युअलची पाने वगळण्याचे पर्याय जोडावेत.

मात्र जेडेप्सच्या यादीवर डोळे झाकून विसंबू नये. कोडमध्ये थेट उल्लेख नसलेली, चालू असताना शोधली जाणारी मॉड्यूल्स तिला दिसत नाहीत. तारखा मराठी पद्धतीने दाखवायच्या असतील, तर ती माहिती 'जेडीके.लोकेलडेटा' या मॉड्यूलमध्ये असते. ते हाताने जोडावे आणि सोबत फक्त इंग्रजी व मराठी ठेवण्याचा पर्याय द्यावा, नाहीतर जगभरच्या भाषा पुन्हा आत येतात. जावा १७ किंवा २१ वर गुणफलक इंटरनेटवर पाठवणाऱ्या खेळाने 'जेडीके.क्रिप्टो.ईसी' हे सांकेतिकीकरणाचे मॉड्यूल विसरल्यास काही सर्व्हरांशी सुरक्षित जोडणीच होत नाही.

जेलिंकचा दाबून लहान करण्याचा पर्याय मी वापरत नाही, कारण डाउनलोड शेवटी झिपच असते आणि दाबलेले पुन्हा दाबून फारसे काही वाचत नाही.

तयार झालेले रनटाइम जावा मुळीच नसलेल्या संगणकावर, प्रत्येक पडदा उघडून तपासावे. त्यातील 'लीगल' हे परवान्यांचे फोल्डर काढू नये. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये जावाच्या सुरक्षा-दुरुस्त्या येतात. खेळात ठेवलेली प्रत आपोआप अद्ययावत होत नाही, ती आपणच नव्याने बांधून द्यायची असते.