परदेशातनं गावच्या धंद्यात पैसे घालताय? या चुका टाळा

दुबई, मस्कत, लंडनला असलेली मंडळी गावाकडच्या कुणाच्या तरी धंद्यात पैसे घालतात, हेतू चांगलाच असतो, पण घोळ सुरू होतो तो हे पैसे उसने, भागीदारीचे की असेच दिलेले हे कुणी ठरवलेलंच नसतं म्हणून. "आधी पाठव रे, मग बघू" असं म्हणत पैसे येतात, बँकेत कारण 'घरखर्च' लिहिलं जातं, आणि धंदा जरा चालायला लागला की पाठवणारा हिस्सा मागतो आणि घेणारा म्हणतो, तू तर मदत केली होतीस ना?

दुसरी चूक, सगळा पैसा मशीनमध्ये. सिंधुदुर्गातलं काजू युनिट घ्या. बी येते साधारण मार्च ते मे, आणि वर्षभर पुरेल एवढी तेव्हाच घेऊन, उन्हात वाळवून, पोत्यांत भरून ठेवायची असते. मोठा बॉयलर आला, कटिंग मशीन आलं, शेड झाली, फोटो गेले ग्रुपवर, आणि एप्रिलमध्ये बी घ्यायला खात्यात दमडी नाही! मग ऑगस्टमध्ये चढ्या भावाने बी घ्यायची नाहीतर युनिट बंद ठेवायचं. त्यामुळे आधी खेळत्या भांडवलाचा आकडा काढा, उरेल त्यातनं मशीन बघा. एकदम सगळे देण्यापेक्षा थोडे सीझनच्या तोंडावर पाठवलेले बरे.

आता कायद्याचं, इथे जरा नीट वाचा. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय किंवा ओसीआय कार्डवाला (परदेशी पासपोर्ट घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) असेल तर भावाच्या प्रोप्रायटरशिपमध्ये (एकट्याच्या मालकीच्या धंद्यात) किंवा पार्टनरशिपमध्ये नॉन-रिपॅट्रिएशन पद्धतीने, म्हणजे ते सहज परत बाहेर नेता येणार नाहीत अशा बोलीवर, पैसे घालू शकतो, पण ते बँकेतनंच यायला हवेत, परदेशातनं थेट किंवा एनआरई-एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या) खात्यातनं, हवाला-बिवाला अजिबात नको. काजू फोडायचं युनिट चालतं, काजूची बाग चालत नाही, कारण या वाटेने शेती, प्लांटेशन आणि जमीनजुमल्याच्या धंद्यात पैसे घालायला बंदी आहे. "नॉन-रिपॅट्रिएशन म्हणजे पैसे कायमचे अडकले" असंही नाही, विकून आलेले पैसे एनआरओत जमा होतात आणि टॅक्स भरून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. तेवढे होवोत म्हणजे झालं.

तुमच्या ऑफिसातल्या जर्मन मित्राला मात्र ही वाट नाही, त्याच्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी लागते. कंपनीत पैसे आले की 60 दिवसांत शेअर द्यायचे, नाही दिले तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत, आणि शेअर दिल्यापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर फॉर्म, म्हणजे परदेशी माणसाला शेअर दिल्याची माहिती. गावातला सीए जीएसटीत पक्का असला तरी हा फॉर्म त्याने कधी बघितलाही नसेल, तेव्हा पैसे यायच्या आधीच विचारा.

बचत गटाला मदत करताना तर लोक हमखास फसतात. परदेशी मित्रांनी वर्गणी काढून गटाच्या खात्यात टाकली की एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आडवा येतो, रजिस्ट्रेशन किंवा आधी परवानगी नसेल तर ती मदत घेताच येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने स्वतःच्या बचतीतनं दिलेलं परदेशी देणगीत धरत नाहीत, पण पासपोर्ट बदलला असेल तर धरतात, मग तो भले अस्सल मालवणी बोलत असो.

आणि घोळ आधीच झाला असेल तर? मागच्या तारखेचे कागद बनवू नका. बँकेकडनं पैसे आल्याचं सर्टिफिकेट काढा, तेव्हा कारण काय लिहिलं होतं ते बघा आणि फेमाची (परदेशी चलनाच्या कायद्याची) कामं करणाऱ्या सीएला दाखवा. फॉर्म नुसता भरायचा राहिला असेल तर मुदतीनंतर 3 वर्षांपर्यंत लेट फी भरून मिटवता येतो, त्यापुढे कंपाउंडिंगला, म्हणजे चूक कबूल करून दंड भरून मिटवायला, रिझर्व्ह बँकेकडे जावं लागतं. कंपनी असेल तर दरवर्षी 15 जुलैपर्यंत एफएलए रिटर्नही (रिझर्व्ह बँकेला द्यायचा परदेशी देणी-मालमत्तेचा हिशोब) असतो, त्या वर्षी बाहेरनं एक रुपया आला नसला, तरी जुनी परदेशी गुंतवणूक शिल्लक असेल तर भरावाच लागतो.