बर्फ वितळला आणि थंडी पडली: हे समजून घेताना या चुका टाळा

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी पृथ्वी हिमयुगातून बाहेर पडत होती. उत्तर अमेरिका आणि युरोपावरचे प्रचंड हिमस्तर मागे हटत होते, जंगले उत्तरेकडे सरकत होती. आणि नेमक्या त्याच वेळी उत्तर अटलांटिकभोवतीचा सगळा प्रदेश पुन्हा गारठला. ही थंडी सुमारे १,२०० वर्षे टिकली. युरोपातल्या तळ्यांच्या गाळात ड्रायस ऑक्टोपेटाला या पांढऱ्या, बहुधा आठ पाकळ्यांच्या फुलझाडाचे अवशेष या थरात पुन्हा दिसू लागतात. ते थंड, उघड्या माळरानावरचे झाड. त्यावरूनच या काळाला यंगर ड्रायस म्हणतात.

हवा उबदार होत असताना थंडी का परतली? आज सर्वाधिक मानले जाणारे उत्तर असे, की वितळणाऱ्या हिमस्तरांचे गोडे पाणी समुद्रात आले आणि त्याने समुद्राचे अभिसरण मंदावले. वाक्य सोपे आहे. पण ते समजावून सांगताना लोक ठरावीक ठिकाणी अडखळतात, आणि एकदा तिथे अडखळले की पुढचे सगळेच चुकते.

पाणी थंड होते म्हणून समुद्र थंड झाला, असे समजणे

ही सर्वांत मोठी चूक. बर्फाचे पाणी गार असते, ते समुद्रात मिसळले, समुद्र गार झाला, संपले, असे नाही. महत्त्वाचे आहे ते त्या पाण्याचे गोडेपण.

अटलांटिकमध्ये दक्षिणेकडून उबदार, खारे पाणी उत्तरेला येते. वाटेत ते आपली उष्णता हवेला देते, गार होते आणि जड होऊन खाली बुडते. हे बुडणे मुख्यतः ग्रीनलंडच्या पूर्वेकडील समुद्रांत आणि लॅब्राडोर समुद्राच्या आसपास होते. बुडालेले पाणी खोलातून दक्षिणेला परत जाते. या चक्राला शास्त्रज्ञ एमॉक (AMOC) म्हणतात, म्हणजे अटलांटिकमधले उलथणारे अभिसरण. एका किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि हे बुडणे त्या खारेपणावर टिकून आहे. वर गोड्या पाण्याचा थर पसरला की खालचे खारे पाणी झाकले जाते. वरचे पाणी कितीही गारठले तरी पुरेसे जड होत नाही. ते बुडत नाही, गोठते. हिवाळ्यात समुद्री बर्फ पसरतो, सूर्यप्रकाश परतवतो आणि समुद्राची उष्णता हवेपर्यंत पोचू देत नाही. कडाक्याची थंडी या साखळीतून येते, आणि तिचा जोर हिवाळ्यात सर्वाधिक असतो.

इथे शाळेतला एक धडाही आडवा येतो: ‘पाणी ४ अंशाला सर्वांत जड असते.’ ते गोड्या पाण्याबद्दल खरे आहे. समुद्राचे पाणी मात्र गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशाच्या आसपासपर्यंत, जड होतच जाते. तळ्याचा नियम समुद्राला लावू नका.

हे दाखवायला एक छान प्रयोग आहे. दोन ग्लास घ्या, एकात साधे पाणी, दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ या प्रमाणात खारे पाणी. दोन्हींत खाण्याचा रंग घालून गोठवलेला बर्फाचा एकेक खडा सोडा. साध्या पाण्यात रंगाच्या धारा तळाशी उतरतात. खाऱ्या पाण्यात रंग वरच झाकणासारखा थांबतो, आणि खडा हळू वितळतो. प्रयोग फसला तर बहुधा कारण यांपैकी एक असते: मीठ पूर्ण विरघळलेले नव्हते, दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे नव्हते, किंवा कुणीतरी ग्लास हलवला. पाणी आधी तासभर तसेच ठेवा, मगच खडा सोडा, आणि हात लावू नका.

जितका जास्त बर्फ, तितकी जास्त थंडी, असे गणित मांडणे

दोन घटना शेजारी ठेवल्या की हे गणित मोडते.

सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी पाचशेहून कमी वर्षांत १५ मीटरहून अधिक चढली. हिमयुग ओसरतानाचा हा सर्वांत मोठा ज्ञात लोंढा. पण त्या वेळी ग्रीनलंड उबदार होते! याउलट सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीची थंडी घ्या. तेव्हा उत्तर अमेरिकेत लॉरेन्टाइड हिमस्तराच्या दक्षिण कडेला अगासी-ओजिब्वे हे अवाढव्य सरोवर अडून राहिले होते. बर्फाचा बांध खचला आणि पाणी हडसन उपसागरातून समुद्रात गेले. अंदाजे १.६ लाख घन किलोमीटर पाणी. जगभरच्या समुद्रावर ते पसरले तर पातळी अर्धा मीटरही वाढत नाही. तरीही ग्रीनलंडचे तापमान सुमारे ३ अंशांनी उतरले आणि ती थंडी दीडशेहून अधिक वर्षे राहिली.

फरक वेगाचा आणि जागेचा आहे. १.६ लाख घन किलोमीटर पाणी एका वर्षात सांडले असे धरा. दर सेकंदाला ५० लाख घनमीटर होते. समुद्रशास्त्रात दर सेकंदाला १० लाख घनमीटर प्रवाहाला एक स्वेर्ड्रप म्हणतात, म्हणजे हे झाले ५ स्वेर्ड्रप. १४,५०० वर्षांपूर्वीचे १५ मीटर चारशे वर्षांत वाटले तर जेमतेम अर्धा स्वेर्ड्रप निघतो, आणि त्या पाण्याचा बराचसा भाग बुडण्याच्या जागांपासून दूर शिरला असावा, काही तर अंटार्क्टिकाकडून आला असावा. म्हणून कुठल्याही स्पष्टीकरणात ‘किती’ विचारण्याआधी ‘किती वेळात’ आणि ‘कुठे’ हे विचारा.

पाणी कोणत्या वाटेने आले, हा तपशील किरकोळ समजणे

यंगर ड्रायसच्या बाबतीत तर सगळा वाद वाटेचाच आहे. वॉलेस ब्रोकर हे भूरसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडले, की त्या काळातल्या अगासी सरोवराचे पाणी आधी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जात होते. बर्फ मागे हटल्यावर ते पूर्वेला वळून सेंट लॉरेन्स नदीवाटे अटलांटिकमध्ये येऊ लागले. कल्पना सुंदर होती. पण पूर्वेच्या वाटेवर इतक्या मोठ्या पुराच्या खुणा मिळवताना अडचणी आल्या. २०१० मध्ये कॅनडाच्या वायव्येकडील मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ मोठ्या पुराचे पुरावे मांडले गेले, म्हणजे पाणी आर्क्टिक समुद्रात गेले असावे. २०१२ मध्ये समुद्राच्या बारीक जाळीच्या संगणकीय प्रारूपाने (मॉडेलने) दाखवले, की सेंट लॉरेन्समधून आलेले पाणी किनाऱ्याला चिकटून दक्षिणेला सरकते, तर आर्क्टिकमधून आलेले पाणी नेमके बुडण्याच्या जागांवर पोचते.

यावरून जुन्या प्रारूपांकडे पाहण्याची सवयही बदलायला हवी. त्यांत बहुतेक वेळा उत्तर अटलांटिकच्या रुंद पट्ट्यावर गोडे पाणी सारखे शिंपडत. खरी नदी तसे करत नाही.

हिमनग दिसले की त्यांनाच कारण ठरवणे

१९८८ मध्ये सागरी भूशास्त्रज्ञ हार्टमुट हाइनरिख यांनी अटलांटिकच्या तळाच्या गाळात खड्यांचे विचित्र थर वर्णिले. मधल्या समुद्रात खडे पोचतात ते हिमनगांत अडकून. बहुतेक थरांचा माल हडसन सामुद्रधुनीकडून, म्हणजे लॉरेन्टाइड हिमस्तरातून आलेला. हे थर थंडीच्या काळातच सापडतात, म्हणून हिमनगांनीच थंडी आणली असे सहज वाटते. पण काही नोंदींत थंडी आधी सुरू होते आणि हिमनग नंतर येतात. तिथे हिमनगांनी थंडी सुरू केली नसेल, लांबवली मात्र असेल. दोन गोष्टी एकाच थरात मिळाल्या तरी कोणती आधी, हे तपासल्याशिवाय ‘कारण’ हा शब्द वापरू नका.

हीच खबरदारी ज्वालामुखी किंवा धूमकेतूच्या आघाताच्या कल्पनांबाबतही घ्या. आघाताची कल्पना २००७ पासून चर्चेत आहे आणि तिच्यावर कडाडून वाद आहे.

तारखा जशाच्या तशा उचलणे

जुन्या लेखनात यंगर ड्रायस ‘११,००० वर्षांपूर्वी’ सुरू झाल्याचे वाचायला मिळते, नव्यात १२,९००. ती दोन मते नाहीत. पहिली आहेत दुरुस्त न केलेली कार्बन-१४ वर्षे, म्हणजे अवशेषांत उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून थेट काढलेले वय. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण बदलत असते, म्हणून त्यांचे खऱ्या वर्षांत रूपांतर करावे लागते. शिवाय कार्बन-कालगणनेत ‘आजपासून’ म्हणजे १९५० पासून, तर ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांत (बर्फ खोल भेदून काढलेल्या दंडगोलांत) अनेकदा २००० पासून. ५० वर्षे सहज इकडची तिकडे होतात, आणि काही दशकांच्या घटनेत ती फार असतात. आलेखाचा काळ डावीकडून वाढतो की उजवीकडून, हेही आधी बघा. मी एकदा या थंडीचा शेवट तिची सुरुवात म्हणून वाचला होता, आणि तिचा शेवट तर फारच झपाट्याचा आहे: ग्रीनलंड काही दशकांत सुमारे १० अंशांनी तापले.

सगळी पृथ्वी गारठली, असे लिहिणे

नाही. उत्तरेला उष्णता पोचेनाशी झाली की ती दक्षिणेत साठते. यंगर ड्रायसमध्ये अंटार्क्टिका तापत होती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत होता. आशियातला मान्सून मात्र कमजोर झाला. चीनमधल्या हुलू गुहेतल्या चुनखडीच्या थरांत त्याची नोंद आहे.

आणि ‘गल्फ स्ट्रीम (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहणारा उबदार सागरी प्रवाह) बंद पडला’ हे वाक्य तर टाळाच. तो प्रवाह मोठ्या प्रमाणात वाऱ्यावर चालतो. वारे आणि पृथ्वीचे फिरणे आहे तोवर तो वाहणार. मंदावते ते बुडणारे चक्र.

कालचे आज जसेच्या तसे चिकटवणे

आज अगासीसारखे सरोवर नाही. ग्रीनलंड गेल्या दोन दशकांत वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावत आहे. दर सेकंदाच्या हिशेबात तो एका स्वेर्ड्रपचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. त्यावरून ‘काही होणार नाही’ असे म्हणणे मात्र तेवढेच चूक आहे. आता समुद्राचा पृष्ठभागही तापतो आहे, आणि तापलेले पाणी तसेही हलके असते. शिवाय समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्येच दाखवले होते, की असे अभिसरण दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिर राहू शकते. एकदा उंबरठा ओलांडला की गोडे पाणी थांबले तरी ते लगेच पूर्ववत होत नाही.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात एमॉक मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, याबद्दलची खात्री मात्र मध्यमच आहे. हे दोन्ही अर्धे एकत्र सांगा. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर या चक्राचे सलग मोजमाप २००४ पासून होत आहे, आणि त्यात वर्षागणिक चढउतार इतके मोठे आहेत की एखाद्या वर्षीच्या घसरणीची बातमी वाचून यंगर ड्रायस आठवण्याची घाई करू नये.