कम्युनिटी अ‍ॅक्सेस चॅनल सुधारायचंय? आधी आठवडाभर स्वतःचंच चॅनल बघा

अमेरिकेत गावोगावच्या केबलवर एखाददुसरं चॅनल असं असतं की ते खरोखर गावातल्या लोकांचं असतं, त्याला कम्युनिटी किंवा पब्लिक अ‍ॅक्सेस चॅनल म्हणतात. कुणीही जावं, कॅमेरा शिकावा, प्रोग्राम करावा आणि लावावा, आणि अश्लील मजकूर सोडला तर केबल कंपनीला त्यात काटछाट करता येत नाही. मी अशा एका स्टेशनवर आधी व्हॉलंटियर होतो, आता शेड्यूल आणि रोजचं काम बघतो. तुमच्यापैकी कुणी अशा स्टेशनवर काम करत असेल, बोर्डावर असेल किंवा नुसतं मदतीला जात असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बोर्डाच्या मीटिंगमध्ये "चॅनल सुधारायचं" असं निघालं की पहिली मागणी नवीन कॅमेऱ्याची येते, माझं मत वेगळं आहे. आधी एक आठवडा आपलं चॅनल बघा. स्टुडिओतल्या मॉनिटरवर नाही हं, ज्याच्याकडे केबल आहे अशा घरी बसून, साध्या टीव्हीवर. कारण आपल्या सर्व्हरमधून निघालेला सिग्नल केबल कंपनीच्या हेडएंडला, म्हणजे त्यांच्या मुख्य केंद्राला जातो आणि तिथून घराघरात, मधे कुठेही गडबड झाली तरी आपल्या मॉनिटरवर सगळं छानच दिसत राहतं. आमच्याकडे एकदा घरी फक्त डावीकडच्या स्पीकरमधून आवाज येत होता आणि आम्हाला ते कित्येक दिवस कळलंच नाही, शेवटी एका आजींनी फोन करून सांगितलं. तेव्हापासून स्टेशनच्या लॉबीतसुद्धा केबल कंपनीच्या सेट-टॉप बॉक्सवरचं चॅनल दिवसभर चालू असतं आणि जाणारायेणारा प्रत्येक जण ते बघतो.

बघताना जवळ वही ठेवा. वेळ, प्रोग्राम, काय दिसलं, काय ऐकू आलं, एवढंच लिहायचं. आठवड्याभरात तुम्हाला हमखास सापडेल की एका प्रोग्रामचा आवाज इतका बारीक की रिमोट हातात घ्यावा लागतो आणि पुढचा सुरू झाला की दचकायला होतं, दोन प्रोग्रामच्या मधे काळा पडदा, जुन्या टेपवरचं चौकोनी चित्र ताणून सगळी माणसं जाडी दिसतायत, बुलेटिन बोर्डावर (चॅनलवर फिरणाऱ्या सूचनांच्या स्लाइडमध्ये) महिन्यापूर्वी होऊन गेलेल्या कार्यक्रमाची स्लाइड अजून फिरतेय, आणि कुणाचा तरी प्रोग्राम स्लॉटपेक्षा मोठा म्हणून शेवटच्या वाक्यावर कापला गेलाय. हीच तुमच्या कामाची यादी, आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

आवाजापासून सुरुवात करा. लोक खराब चित्र सहन करतात, खराब आवाज नाही. अमेरिकन टीव्हीसाठी आवाजाची ठरलेली पातळी उणे २४ एलकेएफएस (आवाज किती मोठा जाणवतो ते मोजायचं एकक) आहे, बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस मीटर असतो, त्यात बघून फाइल त्या पातळीला आणता येते. प्रोड्यूसरला, म्हणजे प्रोग्राम करून आणणाऱ्याला, हे जमत नसेल तर रागावू नका, फाइल आत घेताना आपणच करायचं. प्रत्येक फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटी थोडी थोडी बघायची, दोन्ही बाजूंनी आवाज येतोय ना ते हेडफोन लावून ऐकायचं, मगच सर्व्हरवर टाकायची. फार वेळ लागत नाही, पण हे काम एकाच माणसाच्या नावावर पाहिजे नाहीतर कुणीच करत नाही.

लांबीचंही तसंच. अर्ध्या तासाच्या स्लॉटला २८ मिनिटं ३० सेकंद, तासाच्या स्लॉटला ५८ मिनिटं ३० सेकंद, हे माप बऱ्याच स्टेशनांवर चालतं कारण उरलेल्या दीड मिनिटात स्टेशनचं नाव, पुढच्या प्रोग्रामची सूचना आणि एखादी छोटी क्लिप बसते. ही मापं, फाइलचा फॉरमॅट, आणि काय चालणार नाही (जाहिरात, विक्री, "या नंबरवर फोन करून विकत घ्या" असलं काहीही) हे सगळं एका कागदावर साध्या भाषेत लिहा आणि प्रोड्यूसरच्या हातात द्या. आमचं आधीचं नियमांचं पुस्तक इतकं जाड होतं की कुणी वाचतच नव्हतं, आता एक पान आहे आणि लोक ते वाचून सही करतात. मधल्या जागा भरायला ३० सेकंद, १ मिनिट आणि २ मिनिटांच्या दहा-बारा क्लिप तयार ठेवा, लायब्ररीची सूचना, व्हॉलंटियर हवेत, कॅमेऱ्याचं ट्रेनिंग कधी आहे, असल्या. काळा पडदा गेला की चॅनल लगेच जिवंत वाटायला लागतं, खरंच.

आता शेड्यूल, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पब्लिक अ‍ॅक्सेसची जुनी पद्धत म्हणजे जो आधी येईल त्याला आधी वेळ, आणि ती योग्यच आहे, कुणाचं मत आवडलं म्हणून चांगली वेळ आणि नावडलं म्हणून पहाट असं करायचं नाही. पण त्याचा अर्थ शेड्यूल रोज वेगळं असावं असा नाही ना. बघणाऱ्याला सवय लागायला पाहिजे. म्हणून नियमित प्रोग्राम करणाऱ्यांना तेरा आठवड्यांसाठी एकच वार आणि एकच वेळ द्या, तेरा आठवडे झाले की पुन्हा अर्ज, आणि एकेकट्या प्रोग्रामसाठी रोज काही स्लॉट मोकळे ठेवा. प्रत्येक नवीन प्रोग्राम आठवड्यात किमान तीनदा लावा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, एकदा रात्री उशिरा, कारण शिफ्टमध्ये काम करणारा माणूस संध्याकाळी सातला घरी नसतो. सकाळचा साचा कायम एकसारखा ठेवा, संध्याकाळचाही कायम एकसारखा ठेवा. आणि एक कळकळीचं सांगणं, वर्षानुवर्षं एकाच वेळेला प्रोग्राम करणाऱ्या माणसाची वेळ त्याला न विचारता हलवू नका. मी एकदा हलवली होती, शेड्यूल नीट दिसावं म्हणून, आणि त्या गृहस्थांनी यायचंच बंद केलं, त्यांच्याबरोबर त्यांचे चार व्हॉलंटियरही गेले. ते मला अजून लागतं.

नियमांबद्दल अजून एक. २०१९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मॅनहॅटनच्या पब्लिक अ‍ॅक्सेस चॅनलच्या केसमध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की चॅनल चालवणारी खासगी ना-नफा संस्था म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे भाषणस्वातंत्र्याचं घटनेतलं कलम सरकारला लागू होतं तसं तिला होत नाही. काही बोर्डांना यावरून वाटतं की आता आपण हवं ते नाकारू शकतो. असं समजू नका. राज्याचे नियम आणि गावाशी असलेला करार बघा, न्यूयॉर्कमध्ये तर पहिल्या येणाऱ्याला पहिली वेळ, भेदभाव न करता, असा राज्याचाच नियम आहे. आणि कायदा काहीही असो, लेखी नियम सगळ्यांना सारखे लावले तरच लोक तुमच्याकडे येणार. निवडणुकीत तर हे फारच सांभाळायचं, प्रत्येक उमेदवाराला तेवढीच मिनिटं, तोच सेट, तोच कॅमेरा, आणि कुणाची वेळ आधी ते चिठ्ठी टाकून.

गावात सगळ्यात जास्त विचारणा कशाची होते तर सिटी कौन्सिलच्या मीटिंगची. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवायची, एकही वाक्य न कापता. आवाज कॅमेऱ्याच्या माइकवरून घेऊ नका, सभागृहाच्या मिक्सरवरून थेट लाइन घ्या. अर्धा तास आधी पोचा, प्रत्येक माइकवर बोलून बघा, रेकॉर्डिंग दोन ठिकाणी चालू ठेवा कारण ती मीटिंग पुन्हा होणार नसते. सिटी क्लार्कशी (कौन्सिलचे कागदपत्र सांभाळणारा अधिकारी) ओळख ठेवा, अजेंडा आधी मिळाला की कुठला विषय कितव्या मिनिटाला सुरू झाला त्याची यादी करता येते, ती व्हिडिओखाली टाकली की तीन तासांच्या मीटिंगमधला आपल्या गल्लीतल्या रस्त्याचा विषय माणसाला पटकन सापडतो. कॅप्शन पण द्या. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनमध्ये माणसांची आणि रस्त्यांची नावं चुकतात, ती तरी हाताने दुरुस्त करा.

रोजची कामं सांगतो. सकाळी पंधरा मिनिटं: रात्रीचा प्लेबॅक लॉग (सर्व्हरने काय, कधी लावलं त्याची नोंद) बघायचा, काही वाजलं नाही का ते, डिस्कमध्ये जागा किती, उद्याचं शेड्यूल पूर्ण भरलंय का, आज तारीख उलटलेल्या स्लाइड काढायच्या, आणि संध्याकाळी शूट असेल तर क्रूला फोन करायचा, मेसेज नाही, फोन. प्लेबॅक सर्व्हरला यूपीएस पाहिजेच, आणि वीज जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू होऊन शेड्यूलवर येतो का हे एकदा मुद्दाम बंद करून तपासा, शनिवारी रात्री कळण्यापेक्षा बरं. घरून सर्व्हर बघता येईल अशी सोय दोघांकडे ठेवा, एकाकडे नाही. फाइलींच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. जुन्या व्हीएचएस आणि यू-मॅटिक टेपा असतील तर त्या आधी डिजिटल करून घ्या, टेप खराब होत जाते आणि ती वाजवणारी यंत्रंही आता नवीन मिळत नाहीत.

सामानाच्या बॅगांना नंबर द्या, आत काय काय असतं त्याचा फोटो बॅगेतच चिकटवा, परत आली की नेणाऱ्याच्या समोर उघडून बघा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

नव्या माणसांचं ट्रेनिंग आम्ही उलटं केलं. आधी वर्गात तीन-चार आठवडे शिकवायचो, सर्टिफिकेट द्यायचो आणि मग त्या माणसाला कुणी बोलवायचंच नाही, तो घरी. आता पहिल्याच आठवड्यात त्याला एखाद्या शूटवर अनुभवी माणसाशेजारी उभं करतो, हेडसेट लावायला देतो, कॅमेरा नंबर दोन त्याच्या हातात आहे, पुढे लाइव्ह चाललंय, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. वर्ग नंतर. जी माणसं अशी आली ती टिकली.

पैशाचं थोडं, कारण त्याशिवाय काहीच चालत नाही. १९७२ साली एफसीसीने (अमेरिकेतली दूरसंचाराचे नियम करणारी सरकारी संस्था) मोठ्या शहरांतल्या केबल सिस्टिमना अशी चॅनल द्यायला लावली होती, १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते नियम रद्द केले, आणि मग १९८४ च्या केबल कायद्याने गावांना हा हक्क दिला की केबल कंपनीशी होणाऱ्या करारात अशी चॅनल मागा आणि केबलच्या उत्पन्नावर ५ टक्क्यांपर्यंत फी घ्या. ही फी केबल टीव्हीवर मिळते, इंटरनेटवर नाही, त्यामुळे लोक केबल सोडून स्ट्रीमिंगकडे गेले की ती घटते. शिवाय ती फी गाव आपल्यालाच देईल असंही नाही. म्हणून प्रत्येक प्रोग्राम चॅनलबरोबर ऑनलाइनही टाका, आणि दर तीन महिन्यांनी कौन्सिलला आकडे द्या: किती तास नवीन स्थानिक प्रोग्राम, किती जणांना शिकवलं, किती मीटिंग दाखवल्या, किती संस्था आल्या. आपल्यासारख्या चॅनलचं रेटिंग सहसा कुणी मोजत नाही, तेव्हा हे आकडेच आपलं बोलणं.

केबलच्या गाइडमध्ये (टीव्हीवर दिसणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत) आपल्या प्रोग्रामची नावं न येता नुसतं "पब्लिक अ‍ॅक्सेस" असं येतं, चित्र एचडीत नाही, सिग्नल मधेच जातो, या तक्रारी त्या वहीत तारखेसकट लिहीत राहा. जिथे करार राज्यपातळीवर नसून गावाचा आहे तिथे कायद्यानुसार नूतनीकरणाची प्रक्रिया करार संपायच्या ३६ ते ३० महिने आधी सुरू करायची असते, आणि त्या वेळी गावाने आपल्या गरजा मांडायच्या असतात. आमच्या वहीची पानं तिथे कामाला आली, गाइडची मागणी त्यातूनच गेली. तुमचा करार कधी संपतो ते सिटी क्लार्कच्या ऑफिसात विचारून घ्या आणि त्यातून तीन वर्षं वजा करून ती तारीख शेड्यूलच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.