देश सोडण्याआधीचा पोलीस दाखला

आखातात नोकरी करून सुट्टीवर घरी येणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त आखात कायमचं सोडून कॅनडा-ऑस्ट्रेलियाची वाट धरणाऱ्यांसाठी ही यादी आहे. गेल्या खेपेला यातला एकच कागद राहिला आणि त्यावाचून सगळी फाइल अडली, म्हणून लिहून ठेवतोय. पासपोर्टची मुदत, कोरी पानं, फोटो याबद्दल काही सांगत नाही. तेवढं सगळ्यांना कळतं.

राहिलेला कागद म्हणजे ज्या देशात राहिलात, त्या देशाचा पोलीस दाखला, म्हणजे तिथे तुमच्यावर गुन्ह्याची नोंद आहे की नाही ते सांगणारा कागद. भारताचा नव्हे, तिथला. दुबईत पाच वर्षं काढली असतील तर अमिरातीचा, कुवेतला आठ काढली असतील तर कुवेतचा. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथला दाखला कॅनडा मागतो. ऑस्ट्रेलिया दहा वर्षांत एकूण बारा महिने धरते. तेव्हा मधली दीड वर्षाची मस्कतची नोकरी ‘कुठे मोजतायत’ म्हणून सोडून देऊ नका. मोजतात.

हा दाखला तिथून निघण्याआधी काढा. तिथे असताना ओळखपत्र चालू असतं, सरकारी अ‍ॅप चालू असतं, ओटीपी येतो, खोलीवर बसून अर्ज होतो. एकदा व्हिसा रद्द होऊन तुम्ही चिपळूणला उतरलात की तोच दाखला मागायला दहा बोटांचे ठसे कार्डावर घ्यायचे, त्यावर इथल्या अधिकाऱ्याची सही, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, मग तिकडे कोणाच्या तरी हातून जमा करायचं. प्रत्येक देशाची रीत थोडी वेगळी, पण सोपी एकाचीही नाही.

ठशांचंही ऐकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये घरी आलेला माणूस बागेत जातो, काजू सोलायला बसतो. ओल्या काजूच्या टरफलाचा चीक बोटांना लागला की दोन दिवसांत कातडी काळी पडून सालं निघतात, आणि शाईत बोट बुडवून कार्डावर फिरवलं की रेषांच्या जागी नुसता काळा डाग येतो. सिमेंटचं काम करणाऱ्यांचं आणि जाळी ओढणाऱ्यांचं तेच. असलं कार्ड परत येतं. ठसे द्यायचे असतील तर आधीचे दोन आठवडे काजूला हात लावू नका, आणि एकाऐवजी तीन कार्डं भरून घ्या. पण मुळात ही पाळीच यायला नको. निघण्याआधी काढा.

किती आधी? शेवटच्या आठवड्यात. दोन-तीन महिने आधी काढून ठेवण्याची हुशारी नको, कारण तिथलं वास्तव्य संपल्यानंतरच्या तारखेचा दाखला कॅनडाला हवा असतो. शेवटच्या आठवड्यातल्या दाखल्यावरही कधी पुन्हा मागणी येऊ शकते. म्हणून तिथलं सिमकार्ड लगेच फेकू नका. रोमिंगवर, कमीत कमी रिचार्जवर वर्षभर चालू ठेवा. अ‍ॅपचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर गेला की अ‍ॅप गेलं, आणि मग आहेतच दहा बोटं. सिव्हिल आयडी (कुवेतचं ओळखपत्र) किंवा इकामा (सौदीचा राहण्याचा परवाना) कंपनी परत घेते, त्याआधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. त्या देशाचे जेवढे व्हिसे पासपोर्टवर होते, तेवढ्या पानांचेही काढा, जुन्या रद्द पासपोर्टसकट.

आता भारताचा दाखला. इथे लोक भलत्याच खिडकीवर जातात. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून मिळतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. इथल्या कंपनीत लागायला ते चालतं, परदेशी वकिलातीला चालत नाही. त्यांना पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. अर्ज पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर, शुल्क 500 रुपये. सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात, त्यामुळे लगेच मुंबईची गाडी पकडू नका, आधी जवळची तारीख बघा.

पडताळणी अडते ती पत्त्यावर. पासपोर्टवर गावचा पत्ता, बायको-मुलं नालासोपाऱ्याला, गावच्या घराला कुलूप. हवालदार येतो, कुलूप बघतो, शेजारी सांगतात ‘ते मुंबईला असतात’, आणि अहवाल तसाच जातो. जिथे खरोखर राहता तोच पत्ता द्या आणि त्याचा पुरावा जोडा. गावचाच द्यायचा असेल तर त्या दिवसांत घर उघडं हवं, आणि घरात कागद दाखवू शकेल असं माणूस हवं. मोबाइल नंबर रेंज असलेला द्या. खाडीकाठच्या निम्म्या वाड्यांत अंगणाच्या एका कोपऱ्यातच रेंज येते. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. आणि गणपतीच्या तोंडावर अर्ज टाकू नका, सगळं पोलीस ठाणं बंदोबस्तात असतं.

बांधावरून झालेल्या भांडणात कधी गुन्हा नोंदला गेला असेल तर लपवू नका. तो निघतोच. निकाल लागला असेल तर न्यायालयाची प्रमाणित प्रत आधीच काढा. लपवलेलं सापडलं की मूळ भांडणापेक्षा तेच जास्त नडतं.

नियम बदलतात, आणि बातमीपेक्षा लवकर बदलतात. अमिरातीने फेब्रुवारी 2018 मध्ये नोकरीच्या व्हिसाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला सक्तीचा केला आणि 1 एप्रिलपासून ती सक्ती थांबवली. सौदीने 2022 मध्ये भारतीयांकडून पीसीसी मागायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माफ केलं. मधल्या काळात ज्यांनी धावपळ केली त्यांची धावपळ वाया, आणि ज्यांनी ‘होईल माफ’ म्हणून वाट बघितली त्यांची मुलाखतीची तारीख गेली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड नको, एजंटचं ‘आता लागत नाही’ही नको. वकिलातीचं किंवा व्हिसा केंद्राचं पान उघडा, त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आणि अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. दाखल्याचं आयुष्यही मोजा. कुठे तीन महिने, बऱ्याच ठिकाणी सहा. दोन देशांचे दाखले हवे असतील तर ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा अर्ज आधी.

नाव सगळीकडे एकसारखं हवं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पदवीवर आडनाव आधी, आधारवर ‘मोहम्मद’चं ‘मोहम’, लग्नानंतर बदललेलं नाव बँकेत जुनंच. प्रतिज्ञापत्राने थोडं निभतं, सगळं नाही.

पदवीसारख्या कागदांवरच्या शिक्क्यांचा क्रम: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग वकिलात. अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा, आंतरराष्ट्रीय करारातला शिक्का) मानणाऱ्या देशाला शेवटची पायरी लागत नाही, कुवेतला लागते. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, मग तो शाळेचा दाखला का असेना.

दहावी नसेल तर पासपोर्टवर सहसा ईसीआर असतं, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी असा शेरा. मग आखातात नोकरीला जायला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी आणि विमा लागतो. एजंटचं शुल्क कायद्याने जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, पावती घ्या. मेडिकलला छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसत असेल तर उपचाराचे कागद न्या. अमिरातीचा व्हिसा असून सुट्टी लांबत असेल तर बाहेर सहा महिने भरू देऊ नका, व्हिसा जातो. परतीचं तिकीट पाचव्या महिन्यातलं काढा.

बाकी फोटोकॉपी वगैरे. आणि तिकडचं सिम रिचार्ज केलंय का, ते आत्ताच बघा.