वर्गात वेगवेगळ्या संस्कृतींतली मुलं आहेत? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक आधी सांगते. मूल मैदानावर घडाघडा बोलतं म्हणजे त्याला पुस्तकातलंही सगळं कळतं असं धरून चालायचं, आणि पेपर कोरा आला की आळशी म्हणून मोकळं व्हायचं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच बोलायची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी असते हे मांडलंय. नव्या भाषेत गप्पा मारायला साधारण २ वर्षांत जमतं, अभ्यासात बाकीच्यांना गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात. पण आमच्याकडच्या एका नवीन सरांना एवढा धीर कुठला, दुसऱ्याच महिन्यात एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात "लक्ष देत नाही" लिहून रिकामे! मधल्या सुट्टीत सगळ्यांची भांडणं हीच सोडवायची, म्हणून सरांना वाटलं मुद्दाम करते. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब का येतात, कारण लिहा, असा प्रश्न होता. मी तिला म्हटलं लिहू नको, दाखव. ती उठली, खिडकीच्या काचेवर हाऽऽ करून श्वास सोडला, धुरकटलेल्या काचेवर बोट ठेवलं आणि मग ग्लासकडे दाखवलं. अजून काय पाहिजे?

माझी सवय सांगते, आधी दाखवू देते, मग शेजारच्याशी हव्या त्या भाषेत बोलू देते, लिहायची वेळ आली की वाक्याची सुरुवात फळ्यावर देते. वेळ जातो, जाऊ दे. वर्कशीट भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून हात झटकणाऱ्यांना हे पटत नाही, पण त्या अ‍ॅपचं भाषांतर कधी त्या मुलांकडून वाचून घेतलंय का?

दुसरं, गप्प बसलेलं मूल म्हणजे ढ नव्हे. शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि चांगली येतात. मनातल्या मनात तीनपर्यंत सावकाश मोजा हवं तर. आणि "माझ्या डोळ्यांत बघून बोल" बंद करा, कित्येक घरांत मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं उद्धटपणा समजतात.

नाव अवघड वाटतं म्हणून परस्पर छोटं करू नका, दोनदा विचारा, लिहून ठेवा.

"तुमच्यात कसं असतं, सांग बरं" असं भर वर्गात एका पोराला उभं करून विचारू नका, तो काय सगळ्या समाजाचा प्रवक्ता आहे?

वर्षातून एकदा पारंपरिक वेशभूषेचे फोटो काढले म्हणजे झालं असं समजू नका.

आणि पालकसभेत मुलालाच दुभाषी करू नका, स्वतःच्या तक्रारी तो आईला जशाच्या तशा सांगेल होय!